मागच्या चाकाचे पाच वॉशर

३ मार्च, सोमवार

आज स्कूटरसाठी दोन नवे टायर आणले. जुने अगदी गुळगुळीत झालेत. येत्या रविवारी मागचा बदलायचा, मग सवडीने पुढचा. घरी, माझ्या हातांनी. त्याची नीट नोंद राहावी म्हणून ही वही काढली. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं झाली. जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही, अशी आमच्याकडची रीत.

लेक म्हणाली, "बाबा, दुकानात टाकू या ना. अर्ध्या तासाचं काम आहे. तुम्ही अख्खा रविवार घालवाल आणि सोमवारी कंबर धरून बसाल."

"दुकानात नाही."

"काकांकडे म्हणत नाहीये मी. दुसऱ्या कुठल्याही."

"सगळे सारखेच," मी म्हटलं. 

माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं, टायरचं दुकान आहे, घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. दोन वर्षांपूर्वी हिने, म्हणजे माझ्या बायकोने, ह्याच स्कूटरचा मागचा टायर त्याच्याकडून बदलून घेतला. पाचव्या दिवशी पुलाच्या उतारावर मागचं चाक निखळलं. ही जागच्या जागी गेली. तेव्हापासून मी दादाच्या दुकानाची पायरी चढलेलो नाही, आणि नात्यातल्या एकालाही चढू दिलेली नाही. त्याची गिऱ्हाइकं निम्म्यावर आली असं ऐकतो.

स्कूटर मात्र विकली नाही. दूरच्या एका गॅरेजात, मी स्वतः डोक्यावर उभा राहून दुरुस्त करून घेतली. लोक म्हणतात छाती कशी होते तुझी. दोष स्कूटरचा नव्हता, मग शिक्षा तिला का? आता लेक ती चालवते. तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते, पहाटे साडेपाचला निघते. उंची बेताची, त्यामुळे सिग्नलला थांबताना तिला अंगठ्यांवर उभं राहावं लागतं. ही तिला बुटकी म्हणायची, मीही म्हणतो. घरात आता आम्ही दोघंच. तिला काही झालं तर मला जगायचं कारण उरणार नाही, म्हणून त्या चाकांना दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

९ मार्च, रविवार

सकाळी आठला बसलो, दुपारी तीनला उठलो. नाकी नऊ आले, पण काम झालं.

ह्या जुन्या स्कूटरची रिम दोन तुकड्यांची असते. पाच नट काढले की चाक स्कूटरपासून सुटतं, आणखी पाच काढले की रिमचे दोन तुकडे सुटतात. त्याआधी ट्यूबमधली हवा सगळी काढायची, नाहीतर तुकडे तोंडावर येतात. हे मला माहीत आहे. मी काही अगदीच अडाणी नाही. टायर रिमला गंजाने धरला होता. साबणाचं पाणी, टायर उचकटायच्या दोन टॉम्या आणि माझ्या सगळ्या शिव्या संपल्यावर तो सुटला. नवीन ट्यूबला पावडर लावली, टायरमध्ये घातली, रिम आवळली, आणि ट्यूब मध्ये चिमटली. भोक पडलं. ठिगळ लावून पुन्हा सगळं.

लेक दारात चहा घेऊन उभी होती. म्हणाली, "दुकानात एवढ्यात अकरा स्कूटरी झाल्या असत्या."

"आणि त्यातल्या किती धड झाल्या असत्या?"

"बाबा, तुम्ही ना, माझं लग्न झालं तर नवरासुद्धा उघडून बघाल."

मी म्हटलं, बघेनच. तीही हसली, मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी घरात हसण्याचा आवाज झाला.

मग बॅलन्सिंग. हे माझं खरं काम. रिमच्या मधल्या भोकात बसेल असा लाकडी ठोकळा करून घेतला होता. त्यातून सळई घातली आणि सळई दोन खुर्च्यांच्या पाठींवर ठेवली. चाक हलकेच फिरवलं की दर वेळी एकच बाजू खाली येऊन थांबायची, म्हणजे ती जड. समोरच्या बाजूला शिशाच्या पट्ट्या चिकटवत गेलो. अठरा ग्रॅमवर चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबायला लागलं. दुकानदार एवढं करतात का? स्कूटरच्या चाकाला कोण विचारतो, म्हणतात, आणि आवळून देतात.

चाक परत चढवताना नटांखालचे स्प्रिंग वॉशर घेतले. स्प्रिंग वॉशर म्हणजे एका जागी कापलेली पोलादी कडी. नट सैल होऊ नये म्हणून घालतात, असं म्हणतात. घरी माझा स्वतःचा नाजूक काटा आहे, औषधांच्या कारखान्याने मोडीत काढलेला. पाचही वॉशर त्यावर ठेवून पाहिले. तिघांचं वजन प्रत्येकी १.६ ग्रॅम, बाकीचे दोन मात्र २ ग्रॅमच्या वर. चाक एवढं तोलून घेतल्यावर त्यावर हा बेशिस्त माल बसवायचा? बाजूला ठेवले. नट ज्यांवर फिरतात त्या खुंट्यांना तेलाचं बोट लावलं म्हणजे नट कसे लोण्यासारखे बसतात, आणि ते मनगटाने आवळले. पान्यावर पाय देऊन नाही.

लेक वॉशरांकडे बघत होती. "हे राहिले की."

मी तिला सगळं समजावून सांगितलं, काट्यावर ठेवून दाखवलं. तिने मान हलवली. मग म्हणाली, "तुम्ही नेहमीच काढता हे?"

"मी चाक उघडलं तर काढतोच."

"आईच्या वेळी पण?"

"तेव्हा पण. तुझी आई दुकानातून आली, त्या संध्याकाळी मी चाक उघडून पाहिलं होतं. नट असे आवळलेले की पान्यावर उभं राहावं लागलं मला. मी वॉशर काढले, तेल दिलं, सगळं मनगटाने नीट बसवलं. म्हणून तर ठामपणे सांगतो, माझ्याकडून काही राहिलं नव्हतं. खुंट्यांचे आटे तुझ्या काकाने आधीच ताणून ठेवले होते, ते मला बिचाऱ्याला वरून कसे दिसणार?"

तिने चहाचा कप खाली ठेवला आणि आत गेली. जेवलीही नाही. आईचा विषय निघाला की तिचं असं होतं. मी उगाच काढला.

१० मार्च, सोमवार

पहाटे लेक स्कूटर सुरू न करता हाताने ढकलत फाटकाबाहेर नेताना दिसली. खिडकीतून विचारलं तर म्हणाली, पेट्रोल संपलंय. परवाच तर भरलं होतं. तरुण पोरांचं लक्ष कुठे असतं कोण जाणे. घरी यायलाही रोजच्यापेक्षा तासभर उशीर.

संध्याकाळी मी एक फेरी मारली. चाक म्हणजे रेशीम! हँडल सोडलं तरी स्कूटर सरळ जाते. काही चाचरल्यासारखं वाटत नाही, कुठे थरथर नाही. माझ्या हातात अजून कला आहे म्हणायची.

१५ मार्च, शनिवार

आज बाजारात तपासणी होती. एका किराणा दुकानात पाच किलोचं वजन हातात घेतल्याबरोबर खटकलं. खालचं शिशाचं सील ताजं, वरून सगळं शिस्तीत. फोडून बघितलं, आतून पोकळ केलेलं. आमचे हेडक्लार्क म्हणतात, "साहेब, तुम्ही वर गेलात की आधी तिथला तराजू जप्त कराल." करावाच लागेल. बंद असलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. हा स्वभाव आहे, आणि ह्या स्वभावावर एकतीस वर्षं निघाली.

दुपारी वहिनीचा, दादाच्या बायकोचा, फोन. "भावजी, एकदा घरी याल का? ह्यांना तुमच्याशी बोलायचंय. बोलायचंय म्हणतात आणि बोलत नाहीत. झोप नाही त्यांना आठवडाभर."

मी म्हटलं, "वहिनी, तुमच्यावर राग नाही. पण त्याच्याशी मला बोलायचं नाही," आणि फोन ठेवला.

दादाने हिच्या दहाव्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला होता. "मधे तू चाक उघडलं होतंस का?" मी म्हटलं, हो, म्हणूनच तर मला कळलं तू नट कसे मारले होतेस. त्यानंतर त्याच्या तोंडाला कुलूप लागलं ते आजपर्यंत. मी चारचौघांत त्याला काय काय बोललो, त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. खोटं माप हाताला लागलं की दुकानदार असाच गप्प होतो. मी हजार वेळा पाहिलंय.

२३ मार्च, रविवार

पुढचा टायर. आज चारच तास लागले आणि ट्यूब एकदाही चिमटली नाही. अकरा ग्रॅम शिसं लागलं. वॉशर ह्याही चाकाचे काढले.

लेक सकाळपासून माझ्या मागे लागली होती. "पुढचं तरी दुकानात करू या बाबा. माझ्यासाठी." तुझ्यासाठीच तर घरी करतोय, म्हटलं. तिचे डोळे भरून आले. एवढ्यात काहीही झालं की तिचे डोळे भरतात. पोरगी थकलीय. पहाटेचं काम सोडून दुसरं काही बघ, असं तिला सांगायला हवं.

काम झाल्यावर मैत्रिणीकडे जाऊन येते म्हणाली. पुन्हा स्कूटर ढकलतच बाहेर नेली. म्हटलं, सुरू कर की. म्हणाली, जेवून चालायचं म्हणून. परतली तेव्हा नखांत काळं होतं. स्टँड अडकला होता म्हणे. साबण दिला तिला.

४ एप्रिल, शुक्रवार

आज जे पाहिलं ते आधी लिहून काढतो.

तपासणीसाठी दादाच्या दुकानाच्या रस्त्याला जावं लागलं. जीप समोरून गेली आणि मला आमची स्कूटर दिसली, दुकानाच्या दारात, स्टँडवर. जीप पुढे थांबवून मी मागे चालत आलो आणि औषधांच्या दुकानाच्या आडून पाहिलं. दादा मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता, हातात पाना. सगळे केस पांढरे झालेत त्याचे. एकेका नटावर पान्याला सगळं वजन देत होता. बुटकी शेजारी उभी, तिच्या हातात हत्यारांची थाळी. काम झाल्यावर त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज उशीर?"

"तलावावर होते. मोठ्या मुलांची शर्यत आहे ना."

माझ्या डोळ्यात बघून खोटं बोलली. तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या आईला मारणाऱ्याच्या हातात ही पोरगी स्कूटर देते! माझे दोन रविवार, माझी मोडलेली कंबर, सगळं पाण्यात. आणि किती वेळा? म्हणजे ते रेशमासारखं चाकही त्याचंच होतं?

ह्या शेवटच्या वाक्याने मला आज झोप लागायची नाही.

६ एप्रिल, रविवार

पुराव्याशिवाय बोलायचं नाही हा आमच्या खात्यातला पहिला धडा. दुपारी लेक जेवून झोपली तेव्हा मी मागचं चाक उघडलं.

अपेक्षेप्रमाणे नट आवळून आवळून मारलेले. पान्यावर उभं राहावं लागलं, बरोबर तेव्हासारखंच. खुंट्यांवरचं माझं तेल पुसून टाकलेलं. आणि प्रत्येक नटाखाली नवा कोरा स्प्रिंग वॉशर! माझ्या तोललेल्या चाकावर, मला न विचारता. पाचही काढून काट्यावर ठेवले. चार सारखे, पाचवा पाव ग्रॅमने जास्त. हाच तो हलगर्जीपणा. हाच माझ्या घरात दोन वर्षांपूर्वी शिरला होता.

वॉशर पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेवले. खुंट्यांना तेल दिलं. नट हलक्या हाताने बसवले, आटे पुन्हा ताणू नयेत म्हणून मुद्दाम थोडे कमीच. पुढच्या चाकाला हात घालणार तेवढ्यात ती उठल्याची चाहूल लागली. ते पुढच्या रविवारी.

तिला काही सांगितलं नाही. चाक आता माझ्या हातचं आहे, ती सुखरूप आहे, हे मला माहीत असलं की पुरे. मन कसं निवलं.

९ एप्रिल, बुधवार

लेक म्हणाली, मागून काहीतरी टकटक वाजतंय. मी म्हटलं, नवा टायर आहे, रबर बसायला वेळ लागतो.

"पण आत्ता शुक्रवारीच तर..." म्हणाली आणि जीभ चावली. मी ऐकलं नाहीसं दाखवलं. मग म्हणाली, "शनिवारी बघते."

बघ हवं तर.

११ एप्रिल, शुक्रवार

तलावाच्या आधीच्या वळणावर पडली. मागचं चाक. जिवंत आहे. ऑपरेशनला आत नेलंय. बाहेर बसून लिहितोय कारण हातांना काहीतरी हवं.

१२ एप्रिल, शनिवार

कमरेचं हाड आणि उजवा गुडघा. काल पाच तास शस्त्रक्रिया चालली. डॉक्टर म्हणतात, चालेल, वेळ लागेल. पोहणं शिकवण्याचं विचारलं तर म्हणाले, ते आता विचारू नका.

सकाळी दादा आणि वहिनी आले. मी वाटच बघत होतो. त्याला बघितल्याबरोबर माझा तोल गेला. वऱ्हांड्यात, नर्सांसमोर, पेशंटांच्या नातेवाइकांसमोर मी ओरडलो. "ही दुसरी! एक खाल्लीस, आता ही. पान्यावर पाय देऊन नट मारतोस आणि माणसं मारतोस तू!"

तो भिंतीशी उभा राहिला. 

वहिनी म्हणाली, "अहो, आता तरी सांगा त्यांना."

"तू गप्प बस," दादा म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "मागच्या शुक्रवारी, चार तारखेला, मी बघितलं होतं ते. त्यानंतर तू चाक उघडलं होतंस का?"

तोच प्रश्न. दोन वर्षांनी, त्याच आवाजात.

"हो, उघडलं! रविवारी. तुझे धंदे बघायलाच उघडलं."

"वॉशर?"

"काढले. पाच सारखे नव्हते. पाकिटात आहेत घरी, तारीख घालून. दाखवू?"

 दादा बाकावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, पकडला गेला. मी अजूनही बोलतच होतो. वहिनी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कीव होती. माझी कीव कशाला, ह्या विचाराने मी तिथून निघून आलो.

१५ एप्रिल, मंगळवार

पोलिसांच्या आवारात स्कूटर पडली आहे. पंचनाम्याला माझी सही हवी होती. पाना बरोबर नेला होता. दादाच्या कामाचा पुरावा माझ्या डोळ्यांनी बघायचा होता.

मागच्या चाकाच्या दोन खुंट्या तुटलेल्या, उरलेल्या तिन्हींवर मिळून एकच नट, तोही बोटाने फिरणारा.

मग पुढचं चाक. स्कूटर रस्त्यावर पन्नास फूट घासत गेली, पुढचं मडगार्ड चेपलं, दिवा फुटला. पाचही नट जागच्या जागी. पाना लावला, हलेना. दोन्ही हात लावले, हलेना. शेवटी पान्यावर उभा राहिलो तेव्हा एक नट कुरकुरत फिरला. खाली वॉशर.

वजनावर संशय आला की आम्ही ते एका पारड्यात ठेवतो आणि दुसऱ्या पारड्यात खात्याचं प्रमाण वजन ठेवतो. एवढंच काम. एकतीस वर्षं एवढंच केलं. आज माझ्यासमोर दोन चाकं होती. एकाच माणसाने, एकाच पान्याने, तेवढाच पाय देऊन आवळलेली. त्यातलं एक टिकलं. जे गेलं ते मध्ये मी उघडलं होतं. दुसरा काही फरक मला सापडेना. शिपाई म्हणाला, "साहेब, ऊन लागतंय, सावलीत या." मी किती वेळ तिथे बसलो माहीत नाही.

आणि मग ती संध्याकाळ. ही दुकानातून आली होती, टायर दाखवत होती. म्हणत होती, "उगाच कशाला उघडताय, आत्ताच तर करून आणलं." मी उघडलं. वॉशर काढले. तेल दिलं. मनगटाने बसवले.

लिहायचं आहे ते लिहितो. हिला मी मारलं. दादाने नाही, दुकानाने नाही. मी मारलं आणि दोन वर्षं दुसऱ्याच्या नावावर लिहिलं.

बुटकीला नऊ मार्चलाच कळलं होतं. मी चहा पिता पिता तिला सगळं माझ्या तोंडानेच सांगितलं होतं. आणि ती आत जाऊन न जेवता झोपली, आणि दुसऱ्या दिवशी तिने स्कूटर दादाच्या दुकानापर्यंत ढकलत नेली. ती चालवत नेली नाही, कारण तिला कळलं होतं. मला वाटलं, पेट्रोल.

१७ एप्रिल, गुरुवार

दादाच्या दुकानात गेलो. त्याच्या हातात ट्यूब होती, तो ती पाण्याच्या टबात दाबून बुडबुडे बघत होता. मला बघून म्हणाला, "बस. हात धुतो."

मी बसलो नाही. "दादा, तुला पहिल्यापासून माहीत होतं."

"तू उघडलं म्हणालास तेव्हा शंका आली. वॉशरचं नव्हतं माहीत. ते पोरीने गेल्या महिन्यात येऊन सांगितलं." तो टबाशेजारी उकिडवा बसला. "काय सांगणार होतो तुला? बायको गेली होती तुझी. वर हे ऐकून तू जगला असतास?"

"मी तुला चारचौघांत काय काय बोललो."

"बोललास ते बोललास. तुला कुणावर तरी चिडायचं होतं. मी होतो."

मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर त्याने मला खांद्याला धरून वर केलं. त्याचा चेहरा ओला होता. "माझ्या पाया कसला पडतोस? पोरगी म्हणाली होती, काका, बाबांना सांगून टाकू या. मी नको म्हटलं. म्हटलं, आपण गुपचूप नट बघत राहू, त्याला कशाला मारायचं. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर आज ती तलावात मुलांना शिकवत असती. हे माझ्याकडून झालं. ते तुझ्यावर नाही."

मला त्याला तो दोष घेऊ द्यायचा नव्हता. आम्ही दोघं टबाशी बसलो. एक गिऱ्हाईक आलं, हवा भरायची होती त्याला. दादा उठला, भरून दिली, परत येऊन बसला.

२६ एप्रिल, शनिवार

आज लेकीला सोडलं. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर आहे, तीन महिने तरी.

मी घर तयार केलं होतं. लेकीची खोली आवरली, पलंग खिडकीशी घेतला, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. सुताराकडून. मी हात लावला नाही.

ती काल म्हणाली, "बाबा, मी काकांकडे जाऊ का?"

मी म्हटलं, "रागावलीस."

"राग नाही हो." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "होता, आता शोधला तरी सापडत नाही. आईचं मी तुम्हाला कधीच कळू देणार नव्हते, एवढं खरं."

"मग घरी चल. मी रजा टाकलीय."

तिने पांघरूण पायांवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही प्लॅस्टर उघडून बघाल."

मी म्हणणार होतो, नाही बघणार. तोंडापर्यंत आलं होतं. पण पंधरा तारखेपासून मी खोटं लिहीत नाही, तर बोलायचं कसं? पहाटे उठून मी तिच्या पायाशी बसलोय, कड थोडी वर करून आत बघतोय, नीट बसलंय ना, डॉक्टरांनी घाईत काही ठेवलं तर नाही ना, हे मला अगदी डोळ्यासमोर दिसलं. जीव लावून बसलेलो दिसलो मी मला.

"जा," मी म्हटलं. "वहिनी बरं बघेल तुझं."

आज सकाळी दादा गाडी घेऊन आला. मागची सीट काढून त्याने गादी टाकली होती. दोघा वॉर्डबॉयनी तिला उचलून आत ठेवलं. दादाने तिच्या कमरेवरून पट्टा घेतला, पायांवरून दुसरा, आणि दोन्हींच्या गाठी मारल्या. मी दाराशी उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मी ते मागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले, गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत.